अकरावी खाच

६ ऑक्टोबर, मंगळवार

दुसरी हवाई छत्री बंद झाली एकदाची! सहा दिवस उभं राहून पायांचे खांब झालेत. दाबयंत्राखालून निघालेली घडी हाताला लाकडासारखी लागते. हे कापड आहे असं सांगितलं तरी कुणाला पटणार नाही. आता तिसरी राहिली. मग तिन्ही यानाच्या माथ्यावर बसतील आणि २ डिसेंबरला आपली तीन माणसं पहिल्यांदा आपल्या यानातून वर जातील. फाटकावरच्या पाटीवर आज ५७ आकडा होता. वर जायचं सगळ्यांना कौतुक आहे. खाली यायचं आमच्याकडे.

नेमके आजच ते तिघं बघायला आले. साहेबांना आधी कळवायची सवयच नाही. माझ्या जोडीचे मास्तर कामाच्या पुस्तकातली शेवटची ओळ वाचत होते, तेवढ्यात काच वाजली. हातातलं टाकून बाहेर. टोपी काढा, मोजे काढा, हसा.

त्यांचा कप्तान बुटका आहे, शांत. म्हणाला, "यातली माझी कुठली?" मी म्हटलं, "तिन्ही तुमच्याच." मग विचारलं, "जो घडी घालतो त्याला तीच घेऊन उडी मारायला लावतात म्हणे. खरं का?" खरंच आहे. पहिल्या वर्षी मलाही विमानातून ढकललं होतं, मीच घातलेली घडी पाठीला बांधून. उतरताना करंगळी मोडली, ती अजून वाकडी आहे. दाखवली त्याला. हसला. पण यानाच्या छत्रीला तसं करता येत नाही. आधी उडी मारून बघायला कोणी नाही, हेच पहिले.

ते गेले. मी पाणी प्यायले, परत आत गेले, नाड्यांचं ताट लावलं, तोवर मास्तर फोन संपवून आले. त्यांच्या बायकोच्या, वहिनींच्या, दवाखान्यातून होता. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. मग अकरा मोजल्या, डब्याचं तोंड बंद केलं, दोघांनी सह्या केल्या.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, कप्तानाला करंगळी दाखवली. हे म्हणाले, "लग्नाआधी मला नव्हती दाखवलीस."

७ ऑक्टोबर, बुधवार

रजा. पाय गरम पाण्यात. दुसरं काही नाही.

८ ऑक्टोबर, गुरुवार

अक्षर बघा कसं आलंय.

सकाळी तिसऱ्या छत्रीसाठी ताट लावायला घेतलं. घड्या पसरू नयेत म्हणून अकरा ठिकाणी सुती कच्च्या नाड्या बांधतो, शिंप्याचा कच्चा टाका असतो तशा. प्रत्येकीला लाल शेपटी, म्हणजे विसरायला नको. दाबून झालं की एकेक काढायची आणि ताटात आपापल्या खाचेत ठेवायची. अकरा खाचा, अकरा नाड्या. नव्या कामाच्या आधी झिजलेल्या बदलून खणातल्या नव्या घालायच्या, अकरा खाचा भरल्या की सुरुवात. सतरा वर्षं हेच.

तर झिजलेल्या शोधत एकेक बोटाखालून घालवत होते. दहा नाड्या चपट्या, फितीसारख्या. कितीतरी टनांच्या दाबाखालून गेलेली नाडी अशीच होते. अकरावी गोल. मऊ, फुललेली, खणातून आत्ताच काढल्यासारखी.

ती दाबाखाली गेलेलीच नाही. मग जी गेली होती ती कुठे आहे?

छत्रीत. दुसऱ्या छत्रीत, बंद डब्यात, दोऱ्यांभोवती गाठ मारून बसली आहे.

टेबल धरून उभी राहिले. म्हणजे मंगळवारी मोजणीत दहा भरल्या आणि कुणीतरी खणातून एक काढून अकरा केल्या. त्या खोलीत आम्ही दोघंच असतो. मी आणि मास्तर. खणाच्या किल्ल्या दोनच.

मी नाही घातली. मग राहिलं कोण?

आठवून आठवून बघितलं. पाहुण्यांच्या गडबडीनंतर मी पाणी प्यायला थांबले होते. परत आत गेले तेव्हा मास्तर टेबलाशी उभे होते, पाठ हातात घेऊन. पाठ म्हणजे कामाच्या पायऱ्यांचं पुस्तक. ते शाळेतल्यासारखे मोठ्यांदा वाचतात, "नाडी काढली?" मी म्हणते, "काढली." मग ते बरोबरची खूण करतात. म्हणूनच मास्तर. पण त्यांची एक खोड आहे, माझं उत्तर यायच्या आधीच पेन्सिल टेकते. कितीदा सांगितलं. जित्याची खोड!

त्यांना काही बोलले नाही. पाय दुखतोय म्हणून काम उद्यावर ढकललं. ती गोल नाडी रुमालात गुंडाळून घरी आणली. आतली वस्तू बाहेर आणली ती पहिल्यांदाच. उशीखाली आहे.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

दुसरी छत्री आज जोडणीच्या इमारतीत गेली. गाडीवर चढवताना "ताई, सही" म्हणून कागद पुढे केला. केली सही. का केली? हात नेहमीसारखा गेला आणि केली.

जोडणीतला गणितवाला तिथंच होता. सहज विचारल्यासारखं केलं, "एक उघडलीच नाही तर?"

"दोनावरही उतरतात ताई. तिसरी जास्तीची."

"आणि त्या दोनांतली एक फाटली तर?"

तो हसला. "तुम्ही घड्या घाला. घाबरायचं काम आमच्याकडे आहे."

दोनावरही उतरतात. दिवसभर हेच डोक्यात घोळतंय. गप्प बसले तर बहुतेक काहीही होणार नाही. तिघं समुद्रात उतरतील, हार-तुरे होतील, नाडी तळाला जाईल. बोलले तर डबा कापायचा, घडी मोडायची, तपासायची, पुन्हा घालायची. २ डिसेंबर गेलीच. सगळा देश दिवस मोजतोय आणि मी एक बोटभर नाडी घेऊन उभी राहणार. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण मुठीत काय आहे ते मला माहीत आहे ना!

तिसरीचं काम सुरू केलं. मास्तर वाचत होते, मी प्रत्येक उत्तर मुद्दाम ओरडून देत होते. एकदा म्हणाले, "बहिरा नाही झालो अजून." मी हसले नाही. दुपारी डब्यातला अर्धा घास माझ्यापुढे सरकवला, नेहमीसारखा. मी परत सरकवला.

१० ऑक्टोबर, शनिवार

अर्धा दिवस होता. फाटकाबाहेर बसच्या शेडमध्ये मास्तरांना गाठलं. बाकीचे आधीच्या बसने गेले, आम्ही मागे राहिलो. रुमाल उघडून नाडी त्यांच्या हातावर ठेवली.

त्यांनी अंगठ्याने दाबून बघितली. चेहरा उतरला. "ही दाबाखाली गेलेली नाही."

"मंगळवारच्या ताटात होती. कुणी घातली?"

म्हणाले, "मी नाही घातली, ताई." आणि थोड्या वेळाने, "पण अकराव्या ओळीला तुम्ही 'काढली' म्हणालात का? मला आठवत नाही. साहेबांनी काच वाजवली तेव्हा. खूण तर आहे. मी आधीच केली असेल."

"खूण सोडा हो. नाडी आपल्या पायाने चालत आली का खणातून?"

"मला नाही आठवत."

मग माझा तोल गेला. बोलू नये ते बोलले. म्हटलं, "वहिनींच्या काळजीत तुमचं लक्ष कामावर नाही, सगळ्यांना दिसतंय. मोजणी चुकली, पुन्हा शोधायचा कंटाळा आला आणि भर घातलीत. वर तीन जीव आहेत, मास्तर! ह्यापेक्षा रजा घ्यायची होतीत."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला त्यांनीच शिकवलं. पहिल्या उडीच्या आधी उलटी झाली तेव्हा पाठीवरून हात त्यांनीच फिरवला होता. पण राग आला की मला मागचं काही दिसत नाही.

"मी सांगतो साहेबांना," म्हणाले.

"सोमवारी सकाळी दोघं जाऊ."

"नको. मी सांगतो."

बस आली. मी एकटीच चढले. ते शेडमध्येच बसून राहिले, नाडी हातात.

११ ऑक्टोबर, रविवार

दोन दिवस बंद पापणीआडही नाडीच दिसते. शेवटी सकाळी बेडवरची मोठी चादर काढली. घडीवर घडी घालून लांब पट्टी केली, सातव्या घडीला परकराची नाडी बांधली आणि गॅलरीतून झटकली. खालचा भाग फडकन उघडला, वरचा नाडीपाशी अडकून बोचक्यासारखा लोंबत राहिला. पुन्हा झटकली. पुन्हा तेच. नाडीने काही सोडलं नाही.

लेक दारात उभी. "आई, काय चाललंय?"

"धूळ झटकतेय."

"नाडी बांधून?"

हे पेपरामागून म्हणाले, "तुझ्या आईला ऑफिसचं काम घरी आणायची बंदी आहे, म्हणून घरचंच तसं करते."

लेक हसली. मला हसू येईना. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. यानाच्या वेगाला ती नाडी तुटेलही. तुटणार नाही असंही होईल. कोण सांगणार? वर बसलेल्या बुटक्याला खिडकीतून दिसेल, दोन उघडल्या आणि एक बोचकं. तेव्हा त्याला माझी करंगळी आठवेल.

ह्यांना संध्याकाळी सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. एवढंच म्हणाले, "उद्या सांगून ये. मग जेवशील तरी."

१२ ऑक्टोबर, सोमवार

मास्तर आले नाहीत!

हजेरीच्या वहीत नाव कोरं. फोन बंद. दहापर्यंत वाट बघितली. पळाला माणूस. सांगतो सांगतो म्हणाला आणि पळाला.

साहेबांच्या खोलीकडे निघाले ते मास्तरांचं नाव सांगायचंच म्हणून. सतरा वर्षांचं सगळं ओठावर होतं, पेन्सिलच्या खोडीसकट. दाराच्या मुठीला हात लावला आणि वहिनी आठवल्या. त्यांचा दवाखाना ऑफिसच्या कार्डावर चालतो. मास्तरांच्या निवृत्तीला चार महिने राहिलेत. आत्ता काढलं तर कार्ड गेलं, ऑपरेशन गेलं.

आत गेले. म्हटलं, "साहेब, दुसऱ्या छत्रीत कच्ची नाडी राहिली आहे. मोजणीत मी नवी घालून अकरा केल्या. मी एकटीने."

साहेबांनी उठून दार लावलं. "खात्री आहे?"

"खात्री करायला उघडावी लागेल."

"दोनावरही उतरतं," ते म्हणाले. सावकाश, आपल्यालाच समजावल्यासारखं. खिडकीतून फाटकावरची पाटी दिसत होती, ५१. तेही तिकडेच बघत होते.

"उघडली आणि काहीच निघालं नाही तर?"

"तर मी घरी बसते."

"आणि निघाली तर?"

"तरी घरीच बसते."

साहेब हसले नाहीत. फोन उचलला.

घरी येऊन दोन ताटं जेवले.

१४ ऑक्टोबर, बुधवार

नऊ माणसं, दोन कॅमेरे. मला हात लावायची मनाई, काचेबाहेर उभं केलं. दुसऱ्या पाळीतल्या दोघींनी डबा कापला. मास्तर आजही नाहीत. वहिनींचं ऑपरेशन आज होतं म्हणे.

पहिली घडी, दुसरी, तिसरी. काही नाही. पाचव्या घडीला गणितवाल्याने घड्याळ बघितलं. सहावीला काही नाही. मला वाटलं, चुकले मी. एका मऊ नाडीवरून एवढा डोंगर केला. आता देशभर हसं. काच ओली झाली होती, माझ्याच श्वासाने.

सातवीत लाल शेपटी.

दोऱ्यांच्या जुडग्याभोवती गाठ, माझीच गाठ, घट्ट. दोघींतल्या एकीने तोंडावर हात धरला. साहेब भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

कप्तान माझ्या शेजारी कधी येऊन उभा राहिला कळलं नाही. म्हणाला, "ही राहिली असती तर?"

"ही उघडली नसती."

"म्हणजे दोन राहिल्या असत्या."

"हो."

तो थोडा वेळ आत बघत राहिला. "मला आईने सांगितलं होतं, जाताना सगळ्यांना नमस्कार करून जा. तुमचा राहिला होता," म्हणाला आणि खरंच वाकला. मला कुठे बघावं कळेना.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

फाटकावरच्या पाटीचे आकडे पहारेकऱ्याने काढून घेतले. नुसते खिळे राहिलेत.

१९ ऑक्टोबर, सोमवार

पत्र मिळालं. चौकशी होईपर्यंत छत्रीच्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही. गोदामात बसवलंय, खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवते. उड्डाण सहा आठवडे पुढे गेलं. पेपरात आलंय, "तांत्रिक कारण". ते तांत्रिक कारण इथं बसून गोंद लावतंय.

खोटं कशाला लिहू, वाईट वाटतंय पण छाती भरूनही येते. लोक मुद्दाम गोदामाशी थांबतात. कॅन्टीनवाला चहा आणून ठेवतो. स्वतःवर बोट दाखवायला काळीज लागतं, असं गणितवाला म्हणाला. घाबरायचं काम तुमच्याकडे होतं ना, म्हटलं. लाजला.

आणि ज्याच्यासाठी हे केलं तो? ऑपरेशन नीट झालं, हे दुसऱ्यांकडून कळलं. दोनदा फोन आला होता त्याचा, मी उचलला नाही. आता कशाला? माझ्या आडोशाने निवांत निवृत्त हो म्हणावं. मास्तर म्हणायला जीभ वळत नाही. ह्यांनी विचारलं, "वहिनींना बघायला जायचं ना?" म्हटलं, तुम्ही जा.

सतरा वर्षं त्याच्या डब्यातला घास खाल्ला.

२२ ऑक्टोबर, गुरुवार

उद्या चौकशी. त्यालाही बोलावलंय. समोर बसेल तेव्हा त्याच्या डोळ्यांत बघणार आहे. नाव मात्र घेणार नाही. एवढं तरी मोठेपण ठेवायचं.

२३ ऑक्टोबर, शुक्रवार

टेबलावर दोन कागद होते. एक माझा. दुसरा मास्तरांचा, १० तारखेचा. त्याच शनिवारी बसच्या शेडमधून उठून त्यांनी तो बंद ऑफिसच्या पेटीत टाकला होता. पेटी उघडली सोमवारी दुपारी, तोवर मी सांगून मोकळी झाले होते आणि ते दवाखान्यात होते. लिहिलं होतं, "खूण मी उत्तर न ऐकता केली. नाडीही मीच घातली असणार. ताई खोटं बोलत नाहीत."

एका नाडीला दोन गुन्हेगार. म्हणून चौकशीवाल्यांनी खोलीतल्या कॅमेऱ्याचं त्या दिवशीचं चित्रण मागवलं.

खोली रिकामी. दार उघडतं, मी आत येते, एकटी. टोपी नीट करते. टेबलाशी उभी राहते, ताटाकडे बघते. दहा भरलेल्या, एक रिकामी. खण उघडते, नाडी काढते, अकराव्या खाचेत ठेवते. मोज्यातही करंगळी वाकडी दिसते. माझं तोंड हलतंय, काहीतरी गुणगुणतेय. नवं काम सुरू करताना रोज करते तसं. मग दार उघडतं आणि फोन खिशात टाकत मास्तर येतात.

आता ही वही मागे उलटली. सहा तारीख. "परत आत गेले, नाड्यांचं ताट लावलं, तोवर मास्तर फोन संपवून आले." माझंच अक्षर. अठरा दिवस या वहीत होतं.

बाहेर आल्यावर मास्तर एवढंच म्हणाले, "चला ताई, बस येईल." बसमध्ये डबा उघडला आणि अर्धा माझ्यापुढे सरकवला.